तळहातातली दोरी : एका आजाराची अडीचशे वर्षं

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आजची गोष्ट आहे तळहातावरच्या एका गाठीची.

वाटाण्याएवढी गाठ. कडक, बहुतेक वेळा न दुखणारी. अनामिका किंवा करंगळीच्या मुळाशी, तळहातावरच्या आडव्या रेषेच्या आसपास ती येते. काहींच्या हातावर ती आयुष्यभर तशीच बसून राहते. काहींच्या बाबतीत मात्र काही वर्षांनी तिच्यातून कातडीखाली एक दोरी तयार होते आणि ती बोटाला हळूहळू तळहाताकडे ओढायला लागते. बोट वाकतं, पण सरळ होत नाही. मग हातमोजा घालता येत नाही, खिशात हात घालताना बोट अडकतं, तोंड धुताना स्वतःचंच बोट डोळ्यात जातं.

या आजाराला एका फ्रेंच सर्जनचं नाव आहे. त्याचा फ्रेंच उच्चार साधारण 'द्युपुइत्रँ' असा होतो, आपल्याकडचे डॉक्टर 'ड्युपिट्रन' म्हणतात. मीही आज ड्युपिट्रनच म्हणणार आहे, नाहीतर अर्धा भाग जीभ सोडवण्यात जाईल.

मला या इतिहासात एक प्रश्न पडला, तो असा. ही दोरी कुठे असते आणि ती कापली की बोट सुटतं, हे माणसाला १७७७ पासून माहीत आहे. मग आज ज्याच्या हातावर नुकतीच गाठ आलीय, त्याला 'बोट वाकलं की या' असं का सांगतात? आणि बोट वाकल्यावर कोणता इलाज मिळणार, हे आजाराइतकंच पैशावर का ठरतं?

बिघाड नक्की कुठे?

सुरुवात करू स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरापासून. तिथे फेलिक्स प्लाटर नावाचा मोठा डॉक्टर होता. त्याने १६१४ साली आपल्या रुग्णांच्या नोंदींचं पुस्तक छापलं. त्यात एक गवंडी आहे. दगडकाम करणाऱ्या या माणसाच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका तळहाताकडे ओढली गेली होती. प्लाटरने पाहिलेलं अगदी बरोबर होतं, पण कारण चुकलं. त्याला वाटलं, बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जागेवरून सुटून कातडीखाली ताणली गेलीय.

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर एरर दिसली एका फाइलमध्ये आणि बग होता दुसऱ्याच फाइलमध्ये. बोट वाकलंय म्हणजे बोट वाकवणारी दोरीच बिघडली असणार, हा तर्क कोणालाही पटेल. पण तळहाताच्या कातडीखाली आणखी एक गोष्ट असते. पांढऱ्या, चिवट तंतूंचा एक पडदा. कातडी घट्ट धरून ठेवणं हे त्याचं काम. आपण बॅट पकडतो किंवा बादली उचलतो तेव्हा तळहाताची कातडी सरकत नाही, ती या पडद्यामुळे. खरा दोषी हा पडदा होता.

हे पहिल्यांदा ओळखलं लंडनच्या हेन्री क्लाइन या सर्जनने, १७७७ साली. त्याने आजार झालेले दोन हात, अर्थात मृत्यूनंतर, उघडून पाहिले. कंडरा ठणठणीत होती आणि पडदा आकसलेला होता. हा पडदा कापला तर बोट सुटेल, असं तो पुढे विद्यार्थ्यांना शिकवत राहिला. पण त्याने ते छापलं नाही. त्याचा शिष्य ॲस्टली कूपर याने १८२२ मध्ये आपल्या पुस्तकात एक पाऊल पुढे टाकलं. मोठी चिरफाड न करता, कातडीला बारीकसं छिद्र पाडून, टोकदार पात्याने आतली दोरी तोडता येईल, असं त्याने लिहिलं.

ही 'बारीक छिद्रा'ची आयडिया लक्षात ठेवा. ती दीडशे वर्षांनी परत येणार आहे.

१२ जून १८३१, पॅरिस

क्लाइनने हात उघडून पाहिले त्याच वर्षी, १७७७ मध्ये, फ्रान्समधल्या पिएर-बुफिएर या छोट्या गावात गिओम ड्युपिट्रन जन्मला. विद्यार्थी असताना इतकी गरिबी, की दिव्यात तेल म्हणून शवविच्छेदनाच्या टेबलावरची चरबी जाळायचा, अशी दंतकथा आहे. खरीखोटी माहीत नाही, पण पॅरिसमध्ये लोक ती सांगायचे. पुढे तो ओतेल-द्यू या पॅरिसच्या जुन्या धर्मादाय हॉस्पिटलचा मुख्य सर्जन झाला, राजाचा सर्जन झाला, बॅरन झाला, प्रचंड श्रीमंत झाला. स्वभाव मात्र असा, की सर्जनांमध्ये पहिला आणि माणसांमध्ये शेवटचा, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं.

बोटं अशी वाकलेला एक म्हातारा त्याच्या पाहण्यात होता. तो वारल्यावर ड्युपिट्रनने त्याचा हात तपासायला मिळवला. तळहाताची कातडी काढली, तरी बोट वाकलेलंच. मग त्याने पडद्याचे ताणलेले पट्टे कापले आणि बोट सरळ झालं. कंडरेला धक्काही लागला नव्हता.

मग आला एक जिवंत रुग्ण. वाइनचा व्यापारी. १८११ मध्ये माल उतरवताना त्याने डाव्या हाताने एक पिंप उचलायचा प्रयत्न केला, तळहातात काहीतरी कडकन वाजलं, आणि त्यानंतर हळूहळू अनामिका आणि करंगळी वाकत गेली. वीस वर्षं त्याने हे सोसलं. १२ जून १८३१ ला ड्युपिट्रनने त्याच्या तळहातावर आडवा छेद घेऊन पडदा कापला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या : इथरची भूल यायला अजून १५ वर्षं होती. माणूस पूर्ण जागा होता. जखम उघडीच ठेवली, बोटं एका उपकरणाला ताणून बांधली. हात सुजला, पू झाला, आणि तरीही काही आठवड्यांत बोटं सुटली.

त्याच वर्षी ५ डिसेंबरला त्याने यावर व्याख्यान दिलं. विद्यार्थ्यांनी ते उतरवून घेतलं, छापलं, आणि १८३४ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये त्याचं इंग्रजी रूप आलं. आजाराला नाव मिळालं ते ड्युपिट्रनचं. क्लाइनला आधी कळलं होतं, कूपरने आधी छापलं होतं, पण भरलेल्या हॉलमध्ये रुग्ण दाखवून, विच्छेदन, ऑपरेशन आणि बरा झालेला हात असं सगळं एका सलग गोष्टीत मांडलं ते ड्युपिट्रनने. डॉक्युमेंटेशनचं महत्त्व आम्हाला कंपनीत रोज सांगतात, त्याचं याहून चांगलं उदाहरण मी देऊ शकत नाही.

दोनच वर्षांत ग्वारां नावाच्या दुसऱ्या फ्रेंच सर्जनने वाद घातला. त्याचं म्हणणं, नुसता जुना पडदा आकसत नाहीये, तिथे नवे तंतू तयार होतायत. आजच्या ज्ञानाच्या तो जास्त जवळ होता. १९७२ मध्ये गाबियानी आणि माय्नो या शास्त्रज्ञांनी या गाठीत एक खास प्रकारची पेशी दाखवली. आपल्याला जखम होते तेव्हा तिच्या कडा ओढून जवळ आणणारी पेशी असते, तीच ही. साधी जखम भरली की या पेशी काम थांबवतात. या आजारात मात्र जखम नसताना त्या ओढतच राहतात.

एक फोटो आणि तीन निदानं

आता थोडं घरचं. मागच्या वर्षी माझ्या मामाने मला व्हॉट्सॲपवर तळहाताचा फोटो पाठवला. अनामिकेखाली गाठ, शेजारी कातडीला छोटासा खळगा. मामाला डायबेटिस आहे. एका ठिकाणी त्याला 'कुरूप आहे' म्हणून सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी 'ट्रिगर फिंगर'. तिसऱ्या ठिकाणी तपासण्यांची यादी मिळाली, तिच्यात एमआरआयही होता. मामा म्हणाला, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, जरा बघ की काय आहे ते." मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण त्या फोटोमुळे मी या इतिहासात शिरलो.

आणि कळलं, की या आजाराच्या निदानाला बहुतेक वेळा ना रक्त तपासणी लागते, ना एमआरआय. लागतो तो हा आजार आधी पाहिलेला डोळा आणि हात. कुरूप कातडीच्या वरच्या थरात असतं, ही गाठ कातडीच्या खाली असते आणि कातडीला आत ओढून खळगा पाडते. ट्रिगर फिंगरमध्ये बोट अडकतं आणि मग टक् करून सुटतं. इथे सुटतच नाही.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टींशी याची गल्लत होऊ शकते. पहिली डायबेटिसमधली. जुन्या डायबेटिसमध्ये हाताचे सांधे आणि कातडी आखडते. नमस्कार करायला सांगितलं तर दोन्ही तळहात, बोटं एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. ही वेगळी अडचण आहे, पण डायबेटिस असलेल्यांमध्ये ड्युपिट्रनही जास्त दिसतो, त्यामुळे दोन्ही एकाच हातावर असू शकतात. दुसरी गोष्ट गंभीर आहे. कुष्ठरोगात कोपराजवळची नस निकामी झाली तर नेमकी हीच दोन बोटं वाकतात, करंगळी आणि अनामिका. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या वाकलेल्या बोटांकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिलं, हे वेगळं सांगायला नको. फरक ओळखण्याची खूण साधी आहे. कुष्ठरोगात त्या बोटांना स्पर्श कळेनासा होतो, ड्युपिट्रनमध्ये स्पर्श शाबूत असतो. तिथे नस हरते, इथे दोरी ओढते. बोट वाकलंय आणि बधिरही आहे, तर लाजून घरी बसू नका. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर हात वाचतो.

आणि गाठ ड्युपिट्रनचीच असेल, तर पुढची सगळ्यात उपयोगी टेस्ट फुकट आहे. मेलबर्नच्या जॉन ह्यूस्टन या सर्जनच्या नावाने ती ओळखली जाते. तळहात टेबलावर पालथा ठेवा. पूर्ण सपाट टेकतो? मग आत्ता ऑपरेशनची घाई नाही. टेकत नाही, बोटाखाली फट राहते? मग हाताच्या सर्जनला दाखवायची वेळ आली. साधारण नियम असा, की बोटाच्या मुळाचा सांधा ३० अंशांपर्यंत वाकला किंवा बोटाचा मधला सांधा वाकायला लागला, की इलाजाचा विचार करायचा. मधल्या सांध्याला जास्त जपायचं, कारण तो एकदा आखडून बसला की दोरी काढूनही पूर्ण सरळ होईलच असं नाही.

काम, दारू की रक्त?

मामाचा पुढचा प्रश्न होता, "मी असं काय केलं म्हणून मला हे झालं?" हा प्रश्नही दोनशे वर्षं जुना आहे.

ड्युपिट्रनने कामाला दोष दिला. गवंडी, पिंपं उचलणारा व्यापारी, चाबूक धरणारा गाडीवान, असे रुग्ण समोर असल्यावर तेच वाटणार. पण पुढे हा आजार असलेले लोक पाहिले तर चित्र बदलतं. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं १९८६ मध्ये या आजारासाठी हाताचं ऑपरेशन झालं, अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं जानेवारी १९८९ मध्ये. दोघांनीही पिंपं उचलली नव्हती.

उत्तर युरोपात हा आजार इतका दिसतो, की त्याला 'व्हायकिंग लोकांचा आजार' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये बॅगपाइप वाजवणाऱ्या मॅक्रिमन घराण्याचा शाप, अशी लोककथाही आहे. कल्पना करा, बॅगपाइप वाजवणाऱ्याची करंगळी वाकली तर काय होईल. २०२३ मध्ये ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांच्या संशोधनातून तर आणखी मागचा धागा मिळाला. या आजाराचा धोका वाढवणाऱ्या जनुकीय बदलांपैकी तीन निअँडरथल माणसाकडून आलेले आहेत, आणि त्यातले दोन सगळ्यात जास्त परिणाम करणाऱ्यांत मोडतात.

म्हणजे कामाचा काहीच संबंध नाही? तसंही नाही. वर्षानुवर्षं थरथरणारी मशिनं हातात धरून काम करणाऱ्यांमध्ये धोका वाढतो, असा पुरावा जमला. ब्रिटनमध्ये सरकारच्या सल्लागार मंडळाने २०१४ मध्ये शिफारस केली, आणि अशा कामगारांसाठी हा आजार भरपाईच्या यादीत आला डिसेंबर २०१९ मध्ये. गवंड्याच्या नोंदीनंतर चारशे वर्षांनी. दारू, धूम्रपान, डायबेटिस यांचाही संबंध सापडतो. पण सगळ्यात मोठा वाटा आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा. मामाला मी एवढंच सांगितलं, की तू काही केलं नाहीस.

चाकू, सुई आणि दीड लाखाचं इंजेक्शन

आता पैशाचा भाग.

पहिला इलाज चाकूचा. आज आजारी पडदा नीट सोडवून काढून टाकतात. भूल, ऑपरेशन थिएटर, ड्रेसिंग, काही आठवडे हात बंद, मग फिजिओथेरपी. रोजंदारीवरच्या माणसाला ऑपरेशनच्या बिलापेक्षा हे बंद आठवडे महाग पडतात.

दुसरा सुईचा. १९७० च्या दशकात पॅरिसच्याच लारिब्वाझिएर हॉस्पिटलमध्ये लेर्म्युझिओ आणि दबेर या डॉक्टरांनी एक पद्धत रूढ केली. हे सर्जन नव्हते, संधिवाताचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे थिएटर नव्हतं, होती फक्त इंजेक्शनची सुई. जागा बधिर करायची, सुईच्या धारदार टोकाने कातडीखालची दोरी ठिकठिकाणी कमजोर करायची आणि बोट ताणून ती तोडायची. रुग्ण त्याच दिवशी घरी. म्हणजे १८२२ मध्ये कूपरने सांगितलेलं बारीक छिद्र! मधल्या काळात, १८७९ मध्ये, लंडनच्या विल्यम ॲडम्सनेही अशाच छोट्या छिद्रांतून काम केलं होतं. पण सर्जरी जशी सुरक्षित होत गेली तसे छेद मोठे होत गेले, आणि स्वस्त वाट बाजूला पडली.

सुईची किंमत काही रुपये. लागतं ते डॉक्टरचं कसब, कारण दोरीच्या अगदी शेजारून बोटाची नस जाते. आणि एक खरी मर्यादा आहे. नेदरलँड्समधल्या २०१२ च्या अभ्यासात पाच वर्षांत सुईनंतर सुमारे ८५ टक्के लोकांत आजार परतला, ऑपरेशननंतर सुमारे २१ टक्के. म्हणजे स्वस्त आणि झटपट, पण पुन्हा करावं लागण्याची तयारी हवी.

तिसरा इलाज एन्झाइमचा. एका जिवाणूपासून मिळणारं कोलॅजिनेज दोरीत टोचायचं, ते दोरीचे तंतू विरघळवतं, मग डॉक्टर बोट ताणून दोरी तोडतात. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकमध्ये लॉरेन्स हर्स्ट आणि मारी बादालामेंते यांनी त्यावर काम केलं. २००९ मध्ये ३०८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. औषध टोचलेल्या सांध्यांपैकी ६४ टक्के जवळजवळ पूर्ण सरळ झाले, नुसतं पाणीवजा इंजेक्शन दिलेल्यांपैकी ६.८ टक्के. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. एका कुपीची किंमत ३,२५० डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण दीड लाख रुपये.

आता पुढचं ऐका. २०२० मध्ये हे औषध युरोपच्या बाजारातून गेलं. औषध धोकादायक ठरलं म्हणून नव्हे, कंपनीने व्यावसायिक कारणाने ते मागे घेतलं. आणि त्याच २०२० च्या जुलैमध्ये अमेरिकेत हेच एन्झाइम स्त्रियांच्या नितंबांवरच्या कातडीचे खळगे घालवण्यासाठी मंजूर झालं. तिथेही ते दोन-अडीच वर्षंच टिकलं. पण बाजार कुठे शोधला गेला, ते बघा.

मग यात सर्वोत्तम कोणता? फिनलंडमध्ये तिन्ही इलाज समोरासमोर ठेवून चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी तिन्ही जवळजवळ सारखेच. दोन वर्षांनी मात्र ऑपरेशन पुढे. म्हणजे दीड लाखाच्या इंजेक्शनने जुन्या चाकूला हरवलं नाही. युरोपातला रुग्ण औषध गेलं म्हणून निराश झाला असेल तर त्याला हे सांगावंसं वाटतं.

'वाकलं की या' असं का?

हे सगळे इलाज वाकलेल्या बोटाचे. नुसती गाठ असलेल्या माणसाचं काय?

जर्मनीत लवकरच्या गाठीला कमी मात्रेचे एक्स-रे देतात. साधारण पाच दिवस, मग काही आठवडे थांबून पुन्हा पाच दिवस. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं, की सुरक्षेबद्दल मोठी चिंता दिसत नाही, पण गुण किती येतो याचा पुरावा अपुरा आहे. कारण मोठं रंजक आहे : इलाज केला नाही तर कोणाचं बोट वाकेल आणि कोणाचं नाही, हेच नीट सांगता येत नाही. शंभर गाठींना एक्स-रे दिले आणि बऱ्याच वाढल्या नाहीत. पण त्या तशाही वाढल्या नसत्या तर? श्रेय कोणाला द्यायचं? तरुण माणसाला विनाकारण किरणं का द्यायची, हाही प्रश्न आहेच.

स्वस्तातला प्रयोग स्टेरॉइडचा. २००० साली अमेरिकेत ६३ रुग्णांच्या गाठींत स्टेरॉइड टोचलं, बहुतेक गाठी मऊ झाल्या, बारीक झाल्या. पण साधारण निम्म्यांच्या एक ते तीन वर्षांत पुन्हा जाग्या झाल्या, आणि तुलनेला इंजेक्शन न दिलेला गट नव्हता. शिवाय डायबेटिस असेल तर स्टेरॉइडने साखर वाढते.

सगळ्यात आशेचं काम ऑक्सफर्डच्या जगदीप नानचहल यांच्या गटाचं. त्यांनी संधिवातावरचं अडालिमुमॅब हे औषध थेट गाठीत टोचून पाहिलं. १४० रुग्ण, वर्षभर दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. २०२२ मध्ये निकाल आला, गाठी मऊ आणि लहान झाल्या, आणि इथे तुलनेचा गट होता. बोट वाकणं थांबतं का, हे कळायला मात्र अनेक वर्षांचा अभ्यास हवा. एके काळी जगातल्या महागड्या औषधांत हे गणलं जायचं. त्याची जगातली पहिली स्वस्त आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसने भारतात आणली. म्हणजे उद्या हा इलाज सिद्ध झाला तर किंमत ही आपली मुख्य अडचण असेलच असं नाही. पण हे औषध शरीरात लपलेला टीबी जागा करू शकतं, आणि आपल्या देशात ही छोटी गोष्ट नाही. म्हणून आज कोणी हे तुम्हाला सहज टोचतो म्हणालं, तर दोनदा विचारा.

तर 'वाकलं की या' हे वाक्य ऐकायला तुसडं वाटतं, पण त्यामागे बऱ्याच वेळा आळस नसतो, प्रामाणिकपणा असतो. चूक असते ती अर्धंच वाक्य सांगण्यात. पूर्ण वाक्य असं हवं : "ही गाठ ड्युपिट्रनची आहे, कॅन्सर नाही. कदाचित वाढणारच नाही. दर काही महिन्यांनी टेबलावर हात ठेवून बघा, एक फोटो काढून ठेवा, आणि सपाट टेकेनासा झाला की उशीर न करता या, कारण उशिरा आलात तर मधला सांधा हातचा जातो." एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि ते ऐकलेला माणूस पुढची दोन वर्षं तेलं, मलमं आणि स्कॅन यांवर पैसे घालवत नाही.

दाखवायचं कोणाला? हाताचं काम करणारे ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन. मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांत या दोन्हींच्या ओपीडी असतात. तिथे तीन प्रश्न विचारा : आत्ता काही न करणं चालेल का? सुईने होण्यासारखं आहे का? ऑपरेशन केलं तर किती आठवडे काम बंद? आणि ऑपरेशननंतर रात्री लावायच्या पट्टीचं बिल आलं तर चौथा : ती खरंच लागणार आहे का? ब्रिटनमधल्या २०११ च्या अभ्यासात सरसकट सगळ्यांना पट्टी लावून फायदा दिसला नव्हता.

वाइनच्या व्यापाऱ्याने वीस वर्षं वाट पाहिली, कारण त्याच्या हाताला काय झालंय हे सांगणारं कोणी नव्हतं. आज ते सांगता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. घरात कोणाच्या तळहातावर अशी गाठ असेल, विशेषतः पन्नाशीपुढच्या, डायबेटिस असलेल्या कोणाच्या, तर हा भाग त्यांना फॉरवर्ड करा, आणि जेवण झाल्यावर टेबलावर हात ठेवायला सांगा. टेबल नसेल तर जमीन चालेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.